घरातल्या रिमोट डेस्कटॉपसाठी राउटरचे पोर्ट उघडू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईत एका घरात तीन-चार संगणक असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मुलांच्या अभ्यासाचा डेस्कटॉप, नवरा-बायकोचे ऑफिसचे लॅपटॉप, घरात कुणी सीए किंवा कर सल्लागार असेल तर हिशेबांचा वेगळा संगणक, शिवाय घरून काम सुरू झाल्यापासून घेतलेले एक-दोन मॉनिटर. टेबल मात्र चार फुटांचेच. एका जागी बसून हे सगळे संगणक चालवता यावेत ही गरज रास्त आहे, आणि ती भागवण्याची बरीचशी सोय विंडोजमध्येच आहे. पण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि काही दुकानांतही दोन सल्ले सर्रास दिले जातात. एक, राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून रिमोट डेस्कटॉपकडे येणारी वाट, उघडा. दुसरा, एनीडेस्क हा दूरून संगणक चालवण्याचा प्रोग्राम टाकून त्याला कायमचा पासवर्ड लावून ठेवा. पहिला सल्ला धोक्याचा आहे आणि दुसरा बहुतेक घरांना अनावश्यक. दोन्ही टाळून काम नीट कसे होते, ते वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

रिमोटने, म्हणजे समोर न बसता नेटवर्कवरून, संगणक चालवण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळला की निम्मे घोळ मिटतात. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप दूरच्या संगणकाचा पडदा जसाच्या तसा दाखवत नाही. तो त्या संगणकावर एक नवा आभासी पडदा उभा करतो, आणि तोही तुमच्या समोरच्या मॉनिटरच्या मापाचा. म्हणून दूरच्या संगणकाला मॉनिटर नसला तरी चालते. तो टेबलाशेजारी, हवा खेळती राहील अशा कोपऱ्यात ठेवून द्यावा. वीज आणि नेटवर्कची केबल एवढेच त्याला लागते. तुम्ही रिमोटने आत गेलात की त्याचा मूळ पडदा कुलूपबंद होतो, त्यामुळे त्याच्यासमोर बसलेल्याला तुमचे काम दिसत नाही. मात्र सर्व्हरच्या सोडून विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्यांत एका वेळी एकालाच काम करता येते. मुलगा त्या संगणकावर बसलेला असताना तुम्ही आत शिरलात तर तो बाहेर फेकला जाईल.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क आणि व्हीएनसी या मंडळींचा प्रकार दुसरा. ती मूळ पडद्याचेच चित्र पाठवतात. समोर बसलेल्याला आणि तुम्हाला एकच गोष्ट दिसते, म्हणून कुणाला काही शिकवायचे किंवा दुरुस्त करून द्यायचे असेल तर हाच प्रकार उपयोगी. पण संगणकाला मॉनिटर जोडलेला नसेल तर बऱ्याचदा काळा पडदा येतो किंवा चित्र अगदी लहान मापाचे मिळते, कारण ग्राफिक्स कार्डाला पाठवायला पडदाच नसतो. त्यावर उपाय म्हणजे एचडीएमआयचा डमी प्लग. मॉनिटर जोडला आहे असे संगणकाला भासवणारी ही बोटभर वस्तू आहे. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला तिची गरज पडत नाही.

आता टेबल. मॉनिटर वाटून देऊ नका. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही एकाच संगणकाला जोडा, त्याला बैठकीचा संगणक माना आणि बाकीचे त्यातून चालवा. २४ इंची मॉनिटरची रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर, म्हणजे दोन मिळून १०६ सेंटिमीटरच्या आसपास. चार फुटी टेबलावर ते नेमके मावतात. बैठकीचा संगणक निवडताना प्रोसेसरपेक्षा मागची पोर्टे आधी मोजा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच लावा, मदरबोर्डच्या पोर्टात नको. फोरके मॉनिटरवर उंदीर (माउस) अडखळत चालतोय असे वाटले तर केबल किंवा पोर्ट एचडीएमआय १.४ चे आहे का पाहा; त्यातून फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते. डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआयकडे नेणारे स्वस्त कनेक्टर उलट दिशेने चालत नाहीत, हे विकत घेण्याआधी लक्षात ठेवावे. लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टातून चित्र येते असेही नाही. त्या पोर्टात डिस्प्लेपोर्टची सोय आहे का, हे कंपनीच्या तपशिलात पाहूनच डॉक (एका केबलवर मॉनिटर वगैरे जोडणारा डबा) घ्यावा. मॅकबुक एअरच्या एम१ आणि एम२ मॉडेलना बाहेरचा एकच मॉनिटर थेट जोडता येतो, म्हणून दोन मॉनिटरच्या बैठकीसाठी ती सोयीची नाहीत.

ज्या संगणकात शिरायचे आहे त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी. होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकात जाता येते, पण होम आवृत्तीच्या संगणकात शिरता येत नाही. यावर आरडीपी रॅपर नावाची पळवाट सुचवली जाते. ती घेऊ नये: विंडोजचे अपडेट आले की ती मोडते, अँटीव्हायरस तिला पकडतो आणि परवान्यातही ती बसत नाही. होमवरून प्रोवर जायचे तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून पैसे भरून रीतसर जावे, नाहीतर त्या एका संगणकासाठी क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क वापरावे.

प्रो आवृत्तीत सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट डेस्कटॉप असे जाऊन बटण चालू करायचे. तिथेच नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनचा पर्याय असतो, तो चालूच राहू द्या. त्यानंतर जी पहिली अडचण येते ती पासवर्डची. रोज चार आकडी पिन टाकून संगणक उघडणाऱ्यांना वाटते की तोच पिन इथेही चालेल. चालत नाही, रिमोटसाठी खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खाते असेल आणि त्या संगणकावर आजवर फक्त पिनच वापरला असेल, तर बरोबर पासवर्ड टाकूनही नकार येऊ शकतो. अशा वेळी त्या संगणकासमोर बसून एकदा पिनऐवजी पासवर्डने साइन-इन करा, मग रिमोटही चालू लागते. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यातून रिमोटने शिरता येत नाही. ही अडवणूक योग्यच आहे.

समोरच्या संगणकावर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या रनच्या चौकटीत एमएसटीएससी (mstsc) ही पाच इंग्रजी अक्षरे टाइप करा. उघडलेल्या खिडकीत शो ऑप्शन्स, मग डिस्प्ले या भागात सगळे मॉनिटर वापरण्याची खूण आहे. ती केली की दूरचा संगणक तुमच्या दोन्ही मॉनिटरवर पसरतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरोखर दोन वेगळे मॉनिटर असतात: खिडकी मोठी केली तर ती एकाच मॉनिटरपुरती मोठी होते. जुन्या 'स्पॅन' पर्यायात दोन्ही मिळून एकच लांबलचक पडदा होतो आणि मॉनिटर एकाच मापाचे लागतात, म्हणून तो सोडून द्यावा.

तीन मॉनिटर आहेत आणि त्यांतले दोनच रिमोटला द्यायचे आहेत, असे असेल तर खिडकीत त्यासाठी खूण नाही. जनरल भागातून जोडणी फाइल म्हणून साठवा. मग रनच्या चौकटीत एमएसटीएससी, एक रिकामी जागा (स्पेस), तिरकी रेघ (/) आणि एल हे अक्षर दिले की मॉनिटरांचे क्रमांक दिसतात. हे क्रमांक सेटिंग्जमधल्या क्रमांकांपेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून इथलेच घ्या. साठवलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा, मल्टिमॉनच्या ओळीत शेवटी १ आहे याची खात्री करा आणि नवी ओळ लिहा: 'सिलेक्टेडमॉनिटर्स' (selectedmonitors) हा इंग्रजी शब्द सलग, कोलन, एस, पुन्हा कोलन, आणि पुढे स्वल्पविरामाने क्रमांक, जसे ०,१. पहिला क्रमांक रिमोटचा मुख्य पडदा ठरतो. निवडलेले मॉनिटर एकमेकांना लागून असले पाहिजेत. मधला सोडून कडेचे दोन घेता येत नाहीत.

आमच्या मते मात्र बहुतेक घरांना एवढ्या खटाटोपाची गरज नसते. सगळे मॉनिटर वापरण्याची खूण काढा, रिमोटची खिडकी उजव्या मॉनिटरवर ओढून न्या आणि तिथे मोठी करा. डावा मॉनिटर समोरच्या संगणकाला राहतो. तिसऱ्या संगणकासाठी एमएसटीएससी पुन्हा चालवून दुसरी खिडकी उघडा. कंट्रोल, आल्ट आणि ब्रेक ही बटणे एकत्र दाबली की पूर्ण पडदा आणि खिडकी यांत अदलाबदल होते. कंट्रोल-आल्ट-डिलीट दूरच्या संगणकाला पाठवायचे तर डिलीटऐवजी एंड दाबायचे. लॅपटॉपचा पडदा १५० टक्क्यांवर आणि बाहेरचा मॉनिटर १०० टक्क्यांवर असेल तर अक्षरे कधी धूसर, कधी प्रचंड दिसतात. काही प्रोग्राम साइन-इन करतानाचे प्रमाण धरून बसतात. खिडकी बंद करून पुन्हा जोडल्याने ते सुधारतेच असे नाही. दूरच्या संगणकावरून साइन-आउट करून नव्याने आत जा.

इथेच एक सवय लावून घ्यावी. फुलीवर क्लिक केले की फक्त जोडणी तुटते, दूरच्या संगणकावरचे प्रोग्राम आणि अर्धवट लिहिलेली फाइल तशीच उघडी राहते. दुसऱ्या खोलीत जाऊन पुढे काम करायचे असेल तर हे छानच. पण दिवसअखेर साइन-आउट केले नाही तर रात्री अपडेट होऊन संगणक पुन्हा सुरू होतो आणि न साठवलेले काम जाते.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी दोन शब्द. इनस्क्रिप्ट असो वा फोनेटिक, मराठी कीबोर्ड दोन्ही संगणकांवर बसवा आणि भाषा बदलण्याचे काम रिमोटच्या आतच करा. विंडोज आणि स्पेस ही जोडी मूळ मांडणीत फक्त पूर्ण पडद्यावर असतानाच दूरच्या संगणकाकडे जाते. खिडकीत काम करायची सवय असेल तर लोकल रिसोर्सेस या भागात ती नेहमी दूर पाठवण्याचा पर्याय निवडा. दोन्हीकडे वेगवेगळी भाषा निवडलेली राहिली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे उमटतात आणि दोष कीबोर्डाला दिला जातो.

कर सल्लागार, सीए आणि ई-निविदा भरणारे कंत्राटदार ठाण्यात भरपूर आहेत. त्यांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. टोकन दूरच्या संगणकाला लावलेला असेल तर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून तो दिसत नाही, कारण विंडोज टोकनला स्मार्टकार्ड मानते आणि या पद्धतीत स्मार्टकार्ड समोरच्या संगणकावरून आत नेले जाते. टोकन तुमच्या समोरच्या संगणकाला लावा, लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्टकार्डची खूण करा आणि टोकनचा ड्रायव्हर दोन्हीकडे बसवा. टोकन जागचा हलवायचाच नसेल तर त्या सहीपुरता पडद्याचे चित्र पाठवणारा प्रोग्राम वापरा. तिथे टोकन नेहमीसारखा दिसतो. त्याच भागात तुमच्या डिस्क आत नेण्याचा पर्याय आहे. फाइली कॉपी करण्यापुरता तो ठीक, कायम चालू ठेवू नये. एका संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही तो कुलूपबंद करतो. झूम किंवा टीम्सची बैठक नेहमी समोरच्या संगणकावरच घ्या. कॅमेरा आणि आवाज रिमोटमधून फिरवून आणला की उशीर वाढतो.

नेटवर्ककडे वळू. फायबर दारातून आत येतो, म्हणून कंपनीचा राउटर हॉलमध्ये दाराजवळ बसतो आणि टेबल आतल्या बेडरूममध्ये. घोडबंदर रोड, खारघर भागातल्या नव्या टॉवरांमध्ये आतल्या भिंतीही बऱ्याचदा ओतीव काँक्रीटच्या असतात. पाच गिगाहर्ट्झचे वायफाय त्यातून पार होताना फार क्षीण होते. म्हणून लोक दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडतात, आणि इथे घरातले दोन संगणक एकमेकांना दिसेनासे होतात. कारण साधे आहे: दुसऱ्या राउटरने आपले वेगळे नेटवर्क तयार केलेले असते. एका संगणकाचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, तर हेच झाले असे समजा. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न करता पहिल्याचेच वायफाय पुढे नेतो. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याला पहिल्या राउटरच्या पत्त्याशी न भिडणारा पत्ता द्या आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात न लावता लॅन (घरातल्या साधनांच्या) पोर्टात लावा. गेस्ट वायफायवर जोडलेली साधनेही एकमेकांना दिसत नाहीत.

जमेल तिथे केबल टाका. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल घरातल्या अंतरांना एक गिगाबिटसाठी पुरेशी आहे. टाकून झाल्यावर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये वेग १००० दिसतो का पाहा. १०० दिसत असेल तर बहुधा आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही, किंवा मधला स्विच जुना आहे. रिमोट जड वाटले तर इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याआधी दूरच्या संगणकाला पिंग करून, म्हणजे त्याच्याकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजून पाहा. केबलवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास येते. वायफायवर ते मधूनच शंभरावर उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे. एकाच घरातल्या दोन संगणकांमधले हे काम इंटरनेटवर जातच नाही. दूरच्या संगणकाचा पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये तो पक्का करून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०.

काल चालत होते, आज जोडणीच होत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेकदा दूरचा संगणक झोपलेला असतो. पॉवर सेटिंगमध्ये झोपेचा कालावधी 'कधीच नाही' करा. पडदा बंद झाला तर हरकत नाही. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काहीही न करण्याचा पर्याय निवडा. पण याचा खर्चही पाहावा. रिकामा बसलेला डेस्कटॉप ५० वॅट घेत असेल तर महिन्याला ३६ युनिट होतात, आणि महावितरणच्या बिलात ते वरच्या टप्प्यात जाऊन पडतात. वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून उठवण्याची सोय) वापरले तर संगणक झोपवूनही गरजेला उठवता येतो. त्यासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) हा पर्याय चालू आणि ईआरपी हा वीज वाचवण्याचा पर्याय बंद करावा लागतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला संगणक उठवण्याची परवानगी द्यावी लागते, फास्ट स्टार्टअप काढावे लागते आणि केबलची जोडणी हवी. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये वेगळा पर्याय असतो, तोही पाहून घ्या. संगणकाला यूपीएस असतो पण राउटरला नसतो, आणि वीज जाताच रिमोट तुटते. राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर पाहून छोटा डीसी यूपीएस घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही तसाच लागेल.

आता मूळ मुद्दा: घराबाहेरून घरातल्या संगणकात शिरणे. महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून, किंवा गावाहून, घरच्या संगणकावरची फाइल हवी असते. दुकानदार सांगतो, राउटरमध्ये ३३८९ पोर्ट त्या संगणकाकडे वळवा. असे केले की तुमच्या संगणकाचा साइन-इनचा दरवाजा अख्ख्या जगासमोर येतो. इंटरनेटवर अशी उघडी पोर्टे शोधणारे प्रोग्राम अखंड फिरत असतात, आणि सापडले की पासवर्डांचा मारा सुरू होतो. खंडणीखोर व्हायरस शिरण्याचा हा जुना, नेहमीचा मार्ग आहे. पासवर्ड भक्कम असला तरी भागत नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यात पासवर्डाशिवायच विंडोज ७ आणि त्याआधीच्या संगणकांचा ताबा घेता येत होता. ती इतकी गंभीर होती की आधार केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच सेवेत विंडोज १० लाही लागू होणाऱ्या त्रुटी बाहेर आल्या. पोर्टाचा क्रमांक बदलून काही साधत नाही, शोधणारे सगळेच क्रमांक तपासतात. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरातला जुना संगणक अजून त्यावर असेल तर त्याच्यासाठी पोर्ट उघडण्याचा विचारही करू नये.

शिवाय अनेक घरांत पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या स्थितीच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही अशा सामाईक पत्त्यामागे आहात. मग स्टॅटिक आयपी (स्वतःचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता) विकत घ्या, हा पुढचा सल्ला येतो. म्हणजे धोका पत्करण्यासाठी दरमहा पैसे मोजायचे. तो घेऊ नका.

याला चांगला पर्याय आहे. टेलस्केल हा तुमच्याच साधनांमध्ये इंटरनेटवरून खासगी, कुलूपबंद जोडणी करून देणारा प्रोग्राम वायरगार्ड तंत्रावर चालतो आणि घरगुती वापरासाठी मोफत आहे. घरचा संगणक आणि सोबत नेता तो लॅपटॉप, दोन्हींवर ते बसवा आणि एकाच गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करा. प्रत्येक साधनाला १०० ने सुरू होणारा एक खासगी पत्ता मिळतो. बाहेर असताना रिमोट डेस्कटॉपमध्ये १९२.१६८ च्या पत्त्याऐवजी हा पत्ता टाकायचा, बाकी सगळे घरच्यासारखेच. राउटरला हात लावावा लागत नाही आणि सामाईक पत्त्याचीही अडचण येत नाही. मात्र तीन गोष्टी आठवणीने करा. घरच्या संगणकावर टेलस्केलच्या पर्यायांत 'रन अनअटेंडेड' चालू करा, नाहीतर अपडेटनंतर संगणक पुन्हा सुरू झाला आणि कुणी साइन-इन केले नाही की जोडणी मिळत नाही. साधनाची किल्ली मूळ मांडणीत १८० दिवसांनी बाद होते, आणि ती नेमकी तुम्ही गावाला असताना बाद होऊ शकते. टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर घरच्या संगणकापुरती ही मुदत बंद करा. आणि ज्या खात्याने साइन-इन केले त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण घरात शिरण्याचा परवाना आता त्या खात्याकडे आहे. झोपलेला संगणक टेलस्केललाही उठवता येत नाही. त्यासाठी घरात दुसरे एखादे साधन जागे असावे लागते.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातले काहीही कंपनीच्या परवानगीशिवाय बसवू नका. ऑफिसचे व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी खासगी जोडणी) चालू असताना घरातले संगणक दिसेनासे होतात, तो बिघाड नसून कंपनीने मुद्दाम लावलेली अट असते. तो लॅपटॉप आणि घरचा संगणक एकाच मॉनिटर-कीबोर्डावर हवे असतील तर केव्हीएम स्विच घ्या. बटण दाबले की मॉनिटर, कीबोर्ड आणि उंदीर दुसऱ्या संगणकाकडे जातात, सॉफ्टवेअर काहीच लागत नाही. घरचेच दोन-तीन विंडोज संगणक शेजारी ठेवून प्रत्येकाला आपापला मॉनिटर असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधले माउस विदाउट बॉर्डर्स हे मोफत साधन चार संगणकांपर्यंत एकच उंदीर आणि कीबोर्ड पुरवते.

राहिला एनीडेस्कचा प्रश्न. प्रोग्राम म्हणून त्यात गैर काही नाही. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते, कारण भामटे फोन करून ते ॲप टाकायला लावतात, पडद्यावर आलेला क्रमांक विचारून घेतात आणि मोबाइलमधून पैसे काढतात. 'आज रात्री तुमची वीज कापली जाईल' हा संदेश त्याच साखळीतला. ज्यांच्या घरी असे ॲप रोजच्या वापरात आहे त्या आजी-आजोबांना तो क्रमांक सांगण्यात काही वावगे वाटत नाही, म्हणून आम्ही ते कायम बसवून ठेवण्याच्या विरुद्ध आहोत. दूर राहणाऱ्या आईवडिलांना मदत करायची तर विंडोजमधले क्विक असिस्ट वापरा. मदत करणाऱ्याने मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सहा अक्षरी कोड द्यायचा, तो थोड्याच वेळात बाद होतो. पलीकडच्याने दर वेळी स्वतः परवानगी दिल्याशिवाय काही चालत नाही, आणि काम संपले की मागे कुठलाही पासवर्ड उरत नाही. फसवणूक झालीच तर आधी त्या साधनाचे इंटरनेट तोडा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या क्रमांकाला लगेच कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आपल्या दैनिकात अशा फसवणुकीच्या बातम्या येतात तेव्हा सोबत एक छोटी चौकट द्यावी, अशी विनंती आहे. आपल्या घरात आधीच कुणी दार उघडे ठेवले आहे का, हे वाचकाला दहा मिनिटांत तपासता येते. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, रस्टडेस्क यांपैकी काही तुम्ही न टाकलेले दिसले तर काढून टाका. दुरुस्तीला नेलेल्या संगणकात ते अनेकदा राहून गेलेले असते. जे ठेवायचे आहे त्याच्या सुरक्षा पर्यायांत जाऊन अनअटेंडेड ॲक्सेसचा, म्हणजे समोर कुणी नसतानाही आत येऊ देणारा कायमचा पासवर्ड पुसा. मग राउटरचे पान उघडा, पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत ३३८९ किंवा ५९०० (व्हीएनसीचे पोर्ट) दिसले तर ती ओळ काढा, यूपीएनपी (प्रोग्रामांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि राउटरचा स्वतःचा पासवर्ड अजून 'ॲडमिन' असेल तर तोही त्याच बैठकीत बदला.

आपले,
संगणक व नेटवर्क देखभालीच्या व्यवसायातील काही वाचक,
ठाणे (पश्चिम) व कोपरखैरणे